आखडलेले जोडशब्द : इंग्रजीत ते कसे घडतात आणि कसे उच्चारावेत

कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत 'पीटीएम' या स्थानिक फुटबॉल संघाचा सामना कितीही रंगात आलेला असो, मध्यंतरात चर्चा इंग्लंडमधील फुटबॉलकडे वळते आणि तिथे हमखास एक वाद उभा राहतो. एक जण 'टॉटनहॅम' म्हणतो, दुसरा त्याला 'टॉटनम' अशी दुरुस्ती सुचवतो, आणि मग पहिला विचारतो, "असं असेल तर 'वेस्ट हॅम'ला 'वेस्टम' का म्हणत न्हाईत?" हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर समजले की इंग्रजीतील आखडलेल्या जोडशब्दांचे निम्मे कोडे सुटते. टॉटनम हा एकच शब्द आहे. त्यात जोर पहिल्या तुकड्यावर पडतो आणि शेवटचा 'हॅम' झिजून नुसता 'अम' उरतो. वेस्ट हॅम हे मात्र दोन शब्द आहेत आणि त्यांतील मुख्य जोर 'हॅम'वरच असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. जोर असलेला तुकडा टिकतो आणि जोर नसलेला झिजतो, एवढे एकच सूत्र हाती धरून हा लेख पुढे जातो.

ही झीज आपल्याला परकी आहे असे मानण्याचे मात्र कारण नाही. आपण अंबाबाईच्या देवळात जातो तेव्हा 'देवकुल' या जोडशब्दाचे झिजून झालेले 'देऊळ' हेच रूप वापरत असतो. 'राजकुल'चे 'राऊळ' झाले, 'कुंभकार'चा 'कुंभार' झाला आणि 'सुवर्णकार'चा 'सोनार'. करवीरच्या बोलीने तर यावर कडी केली आहे. 'जेवायला लागलो आहे' हे तीन शब्द 'जेवालोय' या एका शब्दात, आणि 'काय करायला लागला आहेस' हे संपूर्ण वाक्य 'काय करालायस' एवढ्यात बसवणाऱ्या माणसाने इंग्रजीतील 'आय विल'चे 'आय्ल' किंवा 'शुड हॅव्ह'चे 'शुडव्ह' पाहून बिचकावे, हे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे.

मग अडचण कुठे येते? ती येते लयीत. मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याच्या मात्रेप्रमाणे वेळ मिळतो, त्यामुळे इंग्रजी शब्द समोर आला की आपण त्याचे प्रत्येक अक्षर प्रामाणिकपणे उच्चारतो. इंग्रजीची चाल हलगीच्या ठोक्यासारखी आहे. मोठा ठोका ठरावीक अंतराने पडतो आणि मधल्या हलक्या टिचक्या, त्या दोन असोत वा चार, त्याच अंतरात दाटीवाटीने बसवल्या जातात. घड्याळ लावून मोजले तर ही अंतरे काटेकोरपणे सारखी निघत नाहीत हे खरे आहे, परंतु शिकणाऱ्याने कान तयार करण्यासाठी ही उपमा धरून चालायला हरकत नाही.

पहिली पायरी : ठोका कुठे पडतो ते शोधणे

कोणताही जोडशब्द उच्चारण्यापूर्वी त्यातील ठोक्याची, म्हणजे आघाताची जागा निश्चित करावी. साधा नियम असा की दोन नामे एकत्र येऊन रूढ झालेल्या जोडशब्दात आघात बहुधा पहिल्या पदावर असतो: फुटबॉल, कीबोर्ड, टूथब्रश, बसस्टॉप. विशेषण आणि नाम नुसते शेजारी उभे असतील तर मुख्य आघात दुसऱ्यावर जातो. 'ग्रीनहाउस' हा शब्द पहिल्या पदावर ठोका देऊन म्हटला तर तो रोपांसाठीचा हरितगृह होतो, आणि दोन्ही पदे सुटी ठेवून 'हाउस'वर ठोका दिला तर ते केवळ हिरव्या रंगाचे घर राहते. 'ब्लॅकबोर्ड'चेही तसेच आहे. शाळेतला फळा हिरवा असला तरी तो ब्लॅकबोर्डच असतो, पण 'ब्लॅक बोर्ड' मात्र काळाच असावा लागतो.

आघाताची जागा अंदाजाने ठरवू नये. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात उच्चार देताना ज्या शब्दावयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, आघात असतो त्याच्या आधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ दिलेली असते. त्याच उच्चारात उलटा 'ई' दिसला तर तिथे दुर्बल 'अ' आहे असे समजावे. हा 'अ' मराठी माणसाला नव्याने शिकावा लागत नाही, कारण व्यंजनात न लिहिता मिसळलेला आपला 'अ' त्याच्या बराच जवळचा आहे. शिवाय 'घर' लिहून 'घर्' आणि 'चमचा' लिहून 'चम्चा' म्हणण्याची सवय आपल्याला जन्मापासून आहे. लिहिलेला किंवा गृहीत धरलेला स्वर उच्चारात गाळणे ही कला आपण फक्त इंग्रजीच्या वेळी विसरतो.

दुसरी पायरी : जुने, झिजलेले जोडशब्द ओळखणे

शेकडो वर्षे तोंडात घोळलेले जोडशब्द इंग्रजीत गुळगुळीत गोट्यांसारखे झाले आहेत. त्यांतील काहींची जोड आता दिसतही नाही. 'लॉर्ड' हा शब्द मुळात 'भाकरीचा राखणदार' अशा अर्थाचा जुना जोडशब्द होता, 'डेझी' हे फूल म्हणजे 'दिवसाचा डोळा', आणि 'विंडो' हा उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आलेला 'वाऱ्याचा डोळा' आहे. आपल्याकडे 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा. दोन दूरच्या भाषांना खिडकी बघून डोळाच सुचावा, याचे नवल वाटल्याखेरीज राहत नाही. अशा शब्दांच्या उच्चारात फसण्याचा धोका नसतो, कारण त्यांचे लेखनही उच्चाराबरोबर बदलले आहे.

धोका असतो तो लेखन जुनेच राहिलेल्या शब्दांत. 'कप' आणि 'बोर्ड' मिळून झालेला शब्द म्हणजे मुळात पेले ठेवण्याची फळी. त्यातील 'प' पुढच्या 'ब'मध्ये विरघळला, 'बोर्ड'वरचा जोर गेला आणि उच्चार झाला 'कबर्ड'. आपल्या घराघरांत लोक तो बरोबर उच्चारतात, कारण त्यांनी तो ऐकून उचलला; चुकतो तो पुस्तकातून शिकलेला माणूस. मी स्वतः एका मुलाखतीत मोठ्या आत्मविश्वासाने 'कपबोर्ड' म्हणालो होतो आणि समोरच्या गृहस्थांनी सौजन्याने खिडकीबाहेर पाहिले होते. 'शीप' आणि 'हर्ड' मिळून झालेल्या मेंढपाळाच्या शब्दाचेही असेच होते. त्यातील 'पी' आणि 'एच' ही अक्षरे दोन वेगळ्या पदांतील असल्यामुळे त्यांचा 'फ' होत नाही. 'एच' गळतो आणि 'शेपर्ड' उरतो. राजारामपुरीतल्या बंगल्याच्या फाटकावर पाटी काहीही म्हणो, आत भुंकणारा कुत्रा जर्मन शेपर्डच असतो.

'हँडकर्चिफ'मधील 'ड' उच्चारत नाहीत. 'ब्रेकफास्ट'मध्ये दोन्ही स्वर आखडतात: सुटा 'ब्रेक' उच्चारताना 'ए' लांबवला जातो, तर न्याहारीच्या शब्दात तो ऱ्हस्व होतो आणि 'फास्ट'चा 'फस्ट' होतो. जहाजावरच्या शब्दांची झीज सर्वांत जास्त झालेली आहे, कारण वाऱ्यावादळात ओरडून सांगण्याच्या शब्दाला लांबी परवडत नाही. 'बोटस्वेन' असे लिहिलेला शब्द 'बोसन' होतो, 'कॉक्सस्वेन'चा 'कॉक्सन' होतो आणि 'फोरकॅसल' या जहाजाच्या पुढच्या भागाच्या नावाचा चक्क 'फोक्सल' होतो. हा शेवटचा शब्द उच्चाराप्रमाणे लिहू पाहणाऱ्यांना एकाच शब्दात दोन, कधी तीन अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षर गळल्याच्या वरच्या स्वल्पविरामासारख्या खुणा, घालाव्या लागतात.

झीज नेहमी एकाच दिशेने जाते असेही नाही. शाळा वाढल्या, वाचन वाढले आणि काही शब्द पुन्हा अक्षरांप्रमाणे उच्चारले जाऊ लागले. 'फोरहेड'चा जुना उच्चार 'फॉरिड' असा होता. आज 'फोरहेड' हाच अधिक ऐकू येतो आणि दोन्ही शुद्ध मानले जातात. 'वेस्टकोट'चा 'वेस्किट' हा उच्चार तर आता जवळजवळ लोपला आहे. त्यामुळे जुने तेच अस्सल असा हट्ट धरण्याचे कारण नाही. आजचा शब्दकोश काय सांगतो ते पाहावे.

तिसरी पायरी : शेपटाची सूची पाठ करणे

एकेक शब्द पाठ करण्यापेक्षा जोडशब्दाच्या शेवटी वारंवार येणारी पदे आणि त्यांची झिजलेली रूपे लक्षात ठेवणे सोयीचे ठरते, आणि फुटबॉल-क्रिकेट पाहणाऱ्या कोल्हापूरकराला याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. 'हॅम'चा 'अम' होतो: टॉटनम, फुलम, बर्मिंगम, नॉटिंगम. 'माउथ'चा 'मथ' होतो: बोर्नमथ, पोर्ट्समथ. 'फोर्ड'चा 'फर्ड' होतो, म्हणून ऑक्सफर्ड. 'लँड'चा 'लन्ड' होतो, म्हणून इंग्लन्ड आणि स्कॉट्लन्ड. 'शायर'चा 'शर' होतो, म्हणून यॉर्कशर. 'विक' आणि 'विच' यांतील 'व' बऱ्याच गावांच्या नावांत गळतो: वॉरिक, नॉरिच, आणि जगाची वेळ जिथून मोजली जाते ते ग्रेनिच. 'सेस्टर' हे शेपूट सर्वांत फसवे असते, कारण ते एक संपूर्ण शब्दावयव गिळून टाकते. लेस्टर, ग्लॉस्टर आणि वुस्टर ही तीन गावे लिहिलेली पाहिली तर हे उच्चार त्यांचेच आहेत यावर विश्वास बसत नाही.

अपवाद आहेत आणि ते पाठच करावे लागतात. 'इप्स्विच'मध्ये 'व' स्पष्ट उच्चारतात, आणि 'सायरनसेस्टर'मध्ये 'सेस्टर' पूर्ण येतो.

'मॅन' या पदाकडे मात्र थोडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण ते रोजच्या वापरातले आहे. पोस्टमन, पोलिसमन, चेअरमन, सेल्समन या जुन्या, मुरलेल्या शब्दांत ते 'मन' होते आणि त्याचे अनेकवचन लिहिताना बदलले तरी उच्चार बहुधा तसाच राहतो. एक पोलिसमन आला की दहा आले, हे ऐकणाऱ्याला क्रियापदावरून समजून घ्यावे लागते. याउलट 'सुपरमॅन' किंवा 'स्पेसमॅन' अशा नवीन शब्दांत 'मॅन' पूर्ण उच्चारतात. 'बोर्ड'चेही तेच: जुन्या 'कबर्ड'मध्ये आणि जहाजाची उजवी बाजू दाखवणाऱ्या 'स्टारबर्ड'मध्ये ते झिजले, 'कीबोर्ड' आणि 'स्केटबोर्ड'मध्ये शाबूत राहिले. शब्द जितका जुना आणि जितका वापरातला, तितकी झीज अधिक, असा अंदाज बांधला तर तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

चौथी पायरी : अपॉस्ट्रॉफीने जोडलेले शब्द

इथे थोडे थांबायला हवे, कारण बोलताना सर्वांत जास्त उपयोग याच शब्दांचा होतो आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच होतो. दोन शब्द जोडले जातात, दुसऱ्यातील काही अक्षरे गळतात आणि गळलेल्या अक्षरांच्या जागी अपॉस्ट्रॉफी येते. चिन्ह दोन शब्दांच्या मधोमध येते असे नव्हे, तर जिथून अक्षर गेले तिथे येते. 'डू नॉट' जोडताना 'नॉट'मधला 'ओ' जातो, म्हणून चिन्ह 'एन' आणि 'टी' यांच्यामध्ये बसते. 'ओक्लॉक'मध्ये 'ऑफ द क्लॉक' यातील मधला भागच नाहीसा झालेला आहे.

'नॉट'चे कुटुंब आधी घ्यावे. डोन्ट, वोन्ट, कान्ट, आर्न्ट, वर्न्ट हे एका शब्दावयवाचे शब्द आहेत. इझन्ट, वॉझन्ट, डझन्ट, हॅझन्ट, डिडन्ट, कुडन्ट हे दोन शब्दावयवांचे असून त्यांत ठोका पहिल्यावर पडतो. यांतील 'झ' हा 'माझा'मधला 'झ' आहे, 'झेंडा'मधला नव्हे. आणि लेखनात 'एस' असला तरी तिथे 'स' म्हणू नये. 'डिडन्ट' म्हणताना दुसऱ्या 'ड'नंतर स्वर घालू नये. जीभ 'ड'च्या जागीच टेकवून ठेवावी आणि श्वास नाकातून सोडावा, म्हणजे 'न' आपोआप उमटतो. 'मस्ट नॉट'च्या संक्षेपात पहिला 'ट' गळतो आणि 'मसन्ट' होतो. 'विल नॉट'चे 'वोन्ट' कसे झाले, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. 'विल'चे मध्ययुगीन इंग्रजीत 'वोल' असे एक पर्यायी रूप होते. ते रूप मेले, पण त्याचा संक्षेप जिवंत राहिला. या 'वोन्ट'मधला 'ओ' पूर्ण आणि गोल काढावा, अन्यथा ऐकणाऱ्याला 'वॉन्ट' ऐकू येते आणि 'मी येणार नाही'चे 'मला यायचे आहे' होऊन बसते.

याहून महाग पडणारी गल्लत 'कॅन' आणि 'कान्ट' यांची आहे. शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीतून परदेशी ग्राहकाला फोनवर 'आम्ही सोमवारी माल पाठवू शकतो' असे सांगायचे आहे, अशी कल्पना करावी. आपला माणूस 'वी कॅन डिस्पॅच' म्हणताना 'कॅन'वर दणकून जोर देतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला तो नकार वाटतो. कारण इंग्रजीत होकारार्थी 'कॅन' वाक्याच्या मध्ये आला की झिजून 'कन' होतो आणि ठोका पुढच्या क्रियापदावर पडतो, तर नकारार्थी शब्दावर नेहमी ठोका असतो. त्यातील शेवटचा 'ट' बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. म्हणून 'ट' ऐकण्याचा प्रयत्न करू नये. स्वर आखडलेला आहे की पूर्ण, ते ऐकावे. ब्रिटिश बोलणारा 'कान्ट' असा लांब 'आ' वापरत असल्यामुळे फरक लवकर कळतो, अमेरिकी माणूस 'कॅन्ट' म्हणत असल्यामुळे तिथे कान जास्त टवकारावे लागतात. बोलताना शंका असेल तर संक्षेप टाळून सरळ 'कॅनॉट' म्हणावे.

'इझ' आणि 'हॅझ' या दोघांचाही संक्षेप एकच, म्हणजे अपॉस्ट्रॉफी आणि 'एस'. त्याचा उच्चार आधीच्या ध्वनीवर अवलंबून असतो: 'इट्स', 'दॅट्स', 'व्हॉट्स' यांत 'स', आणि 'हीझ', 'शीझ', 'देअर्झ' यांत 'झ'. गळ्यावर बोट ठेवून आधीचा ध्वनी उच्चारावा. कंप जाणवला तर 'झ', न जाणवला तर 'स'. अर्थ मात्र पुढच्या शब्दावरून काढावा लागतो. पुढे 'कमिंग' असेल तर 'इझ', पुढे 'बीन' किंवा 'गॉन' असेल तर बहुधा 'हॅझ'. अपॉस्ट्रॉफी आणि 'डी' यांचेही असेच आहे: पुढे क्रियापदाचे मूळ रूप असेल तर 'वुड', भूतकालवाचक धातुसाधित असेल तर 'हॅड'; 'बेटर'च्या आधी मात्र नेहमी 'हॅड'च असतो.

'हॅव्ह' स्वरानंतर आला की त्याचा केवळ 'व्ह' उरतो: आय्व्ह, वीव्ह, देव्ह. व्यंजनानंतर त्याच्या आधी दुर्बल 'अ' येतो: शुडव्ह, कुडव्ह. हा शेवटचा उच्चार 'शुड ऑफ'च्या आखडलेल्या उच्चाराशी इतका जुळतो की जन्माने इंग्रजी बोलणारी माणसेदेखील लिहिताना 'शुड ऑफ' असे लिहून जातात. ती चूक आहे. आपण तिचे अनुकरण करू नये.

दोन बंधने पाळावीत. एक, वाक्याच्या शेवटी होकारार्थी संक्षेप येत नाही. "तू तयार आहेस का?" या प्रश्नाला 'येस, आय अॅम' असे पूर्ण उत्तर द्यावे लागते, 'येस, आय्म' चालत नाही, कारण तिथे ठोका त्याच शब्दावर असतो आणि ठोका असलेला शब्द झिजत नाही. नकारार्थी संक्षेप मात्र शेवटी चालतो: 'नो, ही इझन्ट'. दोन, नोकरीचा अर्ज, करारपत्र किंवा प्रबंध लिहिताना हे संक्षेप टाळावेत. तसेच 'इट्स' हा शब्द अपॉस्ट्रॉफीसह 'ते आहे' आणि तिच्याशिवाय 'त्याचे' असे दोन वेगळे अर्थ देतो. संशय आला तर मनात 'इट इझ' ठेवून वाक्य वाचावे, बसले तर चिन्ह द्यावे.

'गॉना', 'वॉना' ही घाईच्या बोलण्यातील रूपे ऐकून समजली पाहिजेत, वापरलीच पाहिजेत असे नाही. 'गॉना' केवळ क्रियापदाच्या आधी येते. 'आय्म गॉना ईट' चालते, परंतु शाळेत जायचे असेल तेव्हा 'गोइंग टु' पूर्णच म्हणावे लागते.

पाचवी पायरी : दोन शब्दांची सरमिसळ

इथे झीज काळाने होत नाही, कोणीतरी मुद्दाम कात्री चालवतो. अशा शब्दांना इंग्रजीत 'पोर्टमँटो' म्हणतात. मूळ शब्द दोन कप्प्यांत उघडणाऱ्या प्रवासी पेटीचा. 'अॅलिस'च्या गोष्टींचा लेखक लुईस कॅरोल याने १८७१ मध्ये तो एका शब्दात भरलेल्या दोन अर्थांसाठी वापरला आणि तो रुळला. 'ब्रेकफास्ट' आणि 'लंच' यांचे 'ब्रंच' १८९५ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात छापून आले. 'स्मोक' आणि 'फॉग' यांचे 'स्मॉग' १९०५ मध्ये लंडनच्या धुरकट हवेबद्दल बोलताना एका डॉक्टरांनी लोकांपुढे आणले. 'मोटर' आणि 'हॉटेल' यांचे 'मोटेल' १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात एका प्रवासी निवासाच्या नावात दिसले, आणि मंदी व महागाई एकत्र आल्यावर वापरला जाणारा 'स्टॅगफ्लेशन' हा शब्द १९६५ मध्ये इयान मॅक्लाउड या राजकारण्याने ब्रिटिश संसदेत वापरला.

यांचा उच्चार कळण्याची एक हमखास नसली तरी फार उपयोगी युक्ती आहे. सरमिसळीचा शब्द लांबी आणि ठोका बहुधा दुसऱ्या शब्दाकडून घेतो. 'लंच' एका शब्दावयवाचा, म्हणून 'ब्रंच'ही एकाच. इंग्रजीत 'हॉटेल'चा ठोका शेवटच्या अवयवावर पडतो, म्हणून 'मोटेल'चाही 'टेल'वर. 'इन्फ्लेशन'चा ठोका 'फ्ले'वर, 'स्टॅगफ्लेशन'चाही तिथेच. 'एंटरटेन्मेंट'चे चार अवयव आणि ठोका तिसऱ्यावर. 'इन्फोटेन्मेंट' म्हणून पाहावे, साचा जसाच्या तसा उतरतो. 'पॉडकास्ट' तर 'ब्रॉडकास्ट'च्या तालावरच चालते.

स्वतः असा शब्द घडवायचा असेल, आणि हल्ली नवे उपाहारगृह काढणाऱ्या प्रत्येकाला तो घडवायचा असतो, तर आधी वस्तूचा प्रकार सांगणारा शब्द दुसऱ्या जागी ठेवावा. त्यातील ठोक्याच्या स्वरापासून शेवटपर्यंतचा भाग शक्यतो कापू नये. मग पहिल्या शब्दाची सुरुवातीची व्यंजने किंवा पहिला अवयव त्याच्यापुढे लावावा. दोन्ही शब्दांत एखादा समान ध्वनी असेल तर जोड तिथेच घालावी. 'ब्रिटन' किंवा 'ब्रिटिश' यांचा 'ब्र' आणि पूर्ण 'एक्झिट' मिळून 'ब्रेक्झिट' झाले. 'मराठी'चा 'म' आणि 'इंग्लिश' यांचे 'मिंग्लिश' आपल्याकडे रुळलेच आहे. शेवटी तो शब्द काहीही न सांगता तिऱ्हाइताला ऐकवावा. एका ओळखीच्या तरुणाने मिसळीच्या न्याहारीसाठी 'मिसफास्ट' असे नाव योजले होते. इंग्रजी कानाला ते 'हुकलेला उपवास' वाटेल हे लक्षात आणून दिल्यावर त्याने साधे 'मिसळ' ठेवले आणि ते उत्तम चालले आहे.

सहावी पायरी : दोन्हींची डोकी ठेवणे

यात दोन्ही शब्दांची सुरुवात ठेवून शेपटे छाटतात: 'सिच्युएशन कॉमेडी'चे 'सिटकॉम', 'हाय फिडेलिटी'चे 'हाय-फाय', 'मॉड्युलेटर' आणि 'डिमॉड्युलेटर'चे 'मोडेम'. ठोका जवळजवळ नेहमी पहिल्या अवयवावर असतो. 'बायोग्राफिकल पिक्चर'चा संक्षेप म्हणून 'बायो-पिक' असेच म्हणावे. 'मायोपिक'च्या चालीवर 'बायॉपिक' म्हणणारे पुष्कळ आहेत, पण जोड कुठे आहे हे लक्षात ठेवले तर ती चूक होत नाही. लुना चालवलेल्या पिढीला ठाऊक असलेले 'मोपेड' स्वीडिश भाषेत 'मोटर' आणि 'पेडल' यांच्या डोक्यांपासून बनले, म्हणून त्यात 'पेड' पूर्ण उच्चारतात. 'वाय-फाय'चा मात्र 'वायरलेस फिडेलिटी' असा विस्तार सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत छापलेला आढळतो. प्रत्यक्षात ते १९९९ मध्ये 'हाय-फाय'च्या चालीवर योजलेले व्यापारी नाव आहे.

'सॉकर' या शब्दाची गंमत शाहू स्टेडियमवर सांगण्याजोगी आहे. अनेकांना तो अमेरिकी वाटतो, पण तो इंग्लंडमधील विद्यार्थ्यांनी 'असोसिएशन फुटबॉल'मधल्या 'असोसिएशन'चा मधला तुकडा उचलून आणि त्याला 'अर' हे शेपूट लावून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवला. म्हणजे आपल्या केएसएमधील (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनमधील) 'ए' आणि 'सॉकर'मधील 'सॉक' हे एकाच शब्दाचे तुकडे आहेत.

नुसत्या आद्याक्षरांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. एकेक अक्षर सुटे म्हणायचे असेल तर इंग्रजीत मुख्य ठोका शेवटच्या अक्षरावर द्यावा: बी-बी-सी, त्यात 'सी'वर. आपण केएमटी (शहर बससेवा) आणि सीपीआर (रुग्णालय) म्हणताना सर्व अक्षरांना सारखे वजन देतो आणि मराठीत ते योग्यच आहे. 'रडार', 'लेझर', 'नाटो' यांसारखी आद्याक्षरे शब्दासारखी वाचतात आणि ठोका बहुधा पहिल्या अवयवावर येतो. आधी 'अ' लावायचा की 'अॅन', हे लिहिलेल्या अक्षरावरून ठरत नाही, उच्चारावरून ठरते. 'एमएलए'ची सुरुवात स्वराने होते, म्हणून तिथे 'अॅन' लागतो. सीबीएस म्हणजे सेंट्रल बस स्टँड, तेव्हा 'सीबीएस स्टँड'मध्ये 'स्टँड' दोनदा येतो म्हणून कोल्हापूरकरांना हसणाऱ्यांनी इंग्रज 'पिन नंबर' म्हणतात हे लक्षात घ्यावे.

सराव कसा करावा

रोज एकच वाक्य घ्यावे. 'बॉइज प्ले फुटबॉल' हे वाक्य टेबलावर तीन ठोके देत म्हणावे: 'बॉइज', 'प्ले' आणि 'फुट' यांवर. मग ठोक्यांची गती न बदलता 'द बॉइज प्लेड फुटबॉल', त्यानंतर 'द बॉइज्ल बी प्लेइंग फुटबॉल', आणि शेवटी 'द बॉइज शुडव्ह बीन प्लेइंग फुटबॉल' असे म्हणत जावे. वाक्य लांबत जाईल, ठोके तीनच राहतील, आणि मधले शब्द आपोआप आखडू लागतील. 'शुडव्ह' आखडला नाही तर हात अडखळतो. ज्या शब्दापाशी हात अडखळला तो वहीत लिहून ठेवावा.

फोनवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावा, त्याच दिवशी नव्हे, कारण लगेच ऐकले की कान आपल्याला अभिप्रेत असलेलेच ऐकतो. सामन्याचे इंग्रजी समालोचन ऐकताना संपूर्ण वाक्य समजून घेण्याच्या मागे न लागता पहिला आठवडा फक्त संघांची नावे टिपावीत, दुसरा आठवडा फक्त 'नॉट'चे संक्षेप, तिसरा फक्त 'कॅन' आणि 'कान्ट'. लेस्टर आणि टॉटनमची गाठ असेल तर पहिल्या आठवड्याचा अभ्यास नव्वद मिनिटांत होतो.

प्रत्येक नवीन जोडशब्दापुढे वहीत तीन गोष्टी नोंदवाव्यात: मूळ पदे कोणती, ठोका कुठे आणि गळले काय. 'कबर्ड'पुढे 'कप, बोर्ड, क वर, प गेला, ओ आखडला' एवढी नोंद पुरते.